महिला विभागातली अंडी

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी सहा चाळीस.

लिहायला बसण्याचं कारण एकच. टाकीच्या ज्या भागात एकही नर नाही, त्या भागातल्या कुंडीत आज सकाळी अंडी सापडली.

एकोणीस वर्षं नोकरदार महिलांचं हे वसतिगृह चालवते आहे. डायरीची गरज कधी पडली नाही. नऊ रजिस्टरं आहेत, जगातलं सगळं त्यात बसतं. हे बसत नाही. आवक रजिस्टरात लिहावं, तर ‘कोणाकडून’ हा रकाना रिकामा ठेवता येत नाही.

वस्तुस्थिती अशी. आमच्या मंडळाच्या अध्यक्षीणबाई मुलीच्या बाळंतपणाला गेल्या आहेत. जाताना त्यांची माशांची टाकी विश्वासाने माझ्या ऑफिसात ठेवून गेल्या. मासे तीन. जातीचं नाव अ‍ॅपिस्टोग्रामा, हजेरीपटावर एका ओळीत मावणार नाही असं. मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या ओढ्यांतले, तळाच्या कुजक्या पानांत राहणारे. एक नर: माझ्या मधल्या बोटाएवढा, पाठीवर तुरे, शेपटीला लाल ठिपके, चालीत गुर्मी. मुली त्याला ‘साहेब’ म्हणतात. दोन माद्या: त्याच्या निम्म्या, राखी रंगाच्या. एक जरा आगाऊ, ती ‘ठसकी’. दुसरी कोपऱ्यात मान खाली घालून असते, ती ‘साधी’.

पहिल्याच दिवशी साहेब दोघींसमोर पंख पसरून उभा. एकोणीस वर्षं फाटकावर मी हेच बघते आहे. त्याच दुपारी काचवाल्याला बोलावून टाकीच्या मधोमध काच बसवून घेतली. कडा सील. डावीकडे साहेब, उजवीकडे महिला विभाग. भेटीची वेळ रविवारी चार ते सहा, काचेतून, माझ्या देखरेखीखाली. बाकी वेळ मध्ये पुठ्ठा. म्हणजे या वास्तूला जो नियम, तोच टाकीला.

आणि तरीही अंडी. लालसर, तळाशी पालथ्या घातलेल्या मातीच्या कुंडीच्या आत, छताला चिकटलेली. माझ्या नाकाखाली.

अध्यक्षीणबाई परतणार पाच मार्चच्या मीटिंगला. त्याच मीटिंगमध्ये माझ्या एक्स्टेन्शनचा निर्णय. साठ पूर्ण झाली आहेत. मंडळाने आणखी दोन वर्षं दिली तर ऑफिसमागच्या माझ्या दोन खोल्या राहतात. नाही दिली तर धाकट्या भावाकडे. भावजय चांगली आहे. दुरून तरी तसंच दिसतं.

एक्स्टेन्शन मिळणारच, तो प्रश्न नाही. पण अध्यक्षीणबाईंनी विचारलं, माझ्या माद्यांकडे लक्ष होतं ना, तर काय सांगू?

निश्चय: आठवड्यात छडा लावायचा.

त्याच दिवशी, सायंकाळी साडेपाच.

चौकशी झाली. काच तपासली, कुठे फट नाही. नराने उडी मारली म्हणावी तर वर झाकण. म्हणजे कुणीतरी उचलून ठेवला.

पहिला संशय स्वयंपाकिणीवर, सकाळी ऑफिस तीच झाडते. ती म्हणाली, मोठ्या बाई, मला माझ्या घरचा एक आवरत नाही, मी हा कशाला उचलू? उत्तर उर्मट, पण पटण्यासारखं.

दुसरा संशय चौदा नंबरच्या मुलीवर. (मुलींना मी खोलीच्या नंबराने ओळखते. नावं बदलतात, खोल्या तिथेच राहतात.) प्रश्न विचारताना ती हसत होती. कशाला हसतेस, तर म्हणाली, बाई, अंड्यांच्या वडिलांचं नाव फॉर्मवर लागतंच का?

सहायिका छोट्या बाई दारात उभ्या होत्या. अकरा वर्षं माझ्या हाताखाली. कधी वर मान करून बोलल्या नाहीत. मुली मला मोठ्या बाई म्हणतात म्हणून त्या छोट्या. म्हणाल्या, बाई, जरा बोलायचं होतं. मी म्हटलं, माशांबद्दल? नाही म्हणाल्या. मग नंतर, म्हटलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी.

ठसकी पिवळी पडली. नुसती पिवळी नाही, लिंबासारखी, त्यावर काळे डाग. कावीळ, दुसरं काय! हिच्या जिवाला काही झालं तर पाच मार्चला मी तोंड कसं दाखवू?

योगायोगाने आज मुलींच्या तपासणीला डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांना टाकीसमोर उभं केलं. त्या म्हणाल्या, माझी डिग्री माणसांपुरती आहे. पण आलेच आहे तर तुमचं बीपी बघते. बीपी वाढलेलं निघालं. माशाची तपासणी झालीच नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी. दुपारी.

कावीळ नसावी. काविळीच्या पेशंटला एवढा जोर नसतो. ठसकी साधीच्या अंगावर धावून जाते, शेपटी कुरतडते. साधी बिचारी फिल्टरच्या नळीमागे दडून बसली आहे. अंडी घातल्यापासून हिला रूममेट नको झाली. अशी भांडणं मी खूप मिटवली आहेत. उपाय ठरलेला: खोली बदल.

पण दुसरी खोली साहेबाची. साधीला पुरुषांच्या भागात पाठवणं अशक्य. म्हणून साहेबाची बदली केली. स्वयंपाकघरातली वीस लिटरची जुनी काचेची बरणी धुऊन घेतली. साहेब बरणीत, बरणी जेवणघरात खिडकीशी. साधी साहेबाच्या रिकाम्या खोलीत. आता तिला पूर्ण अर्धी टाकी. गरीब स्वभावाच्या माणसाला कुणीतरी हात द्यावाच लागतो.

बेचाळीस मुलींच्या जेवणघरात एक नर. विशेष बाब म्हणून मीच मंजूर केलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी.

अंडी गेली. कुंडीच्या छताला एकही नाही. ठसकीने खाल्ली! स्वतःची! सकाळचा चहा गेला नाही. ऑफिसचं दार लावून पाच मिनिटं बसले. ज्या आईसाठी मी साहेबाला घराबाहेर काढलं, तिने केसाने गळा कापला.

सकाळी साडेअकरा. भिंग घेऊन पाहिलं. कुंडीच्या तळाशी बारीक बारीक काहीतरी वळवळतं आहे. पिल्लं. खाली आणून ठेवली आहेत. ठसकीबद्दलचे शब्द मागे घेते. ते खोडत मात्र नाही. रजिस्टरात खाडाखोड चालत नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी.

पिल्लं पोहायला लागली. पन्नास-साठ असतील. ठसकी पुढे, ती मागे. तिने अंगाला हिसका दिला की सगळी झटक्यात तळाशी बसतात. शिस्त असावी तर अशी. आमच्याकडे घंटा तीनदा वाजवली तरी बावीस नंबर केस विंचरत असते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. सायंकाळी सहा.

भयंकर. दिवे लागायच्या सुमाराला ठसकी पिल्लं तोंडात घालायला लागली. एक, दोन, पाच. मी ओरडले. छोट्या बाई धावत आल्या. म्हणाल्या, बाई, थांबा, बघा तर.

बघितलं. गिळत नव्हती. तोंडात धरून कुंडीत नेत होती आणि आत थुंकत होती. उंडारणारी शेवटची दोन उशीर करत होती, तर त्यांना कोपऱ्यातून उचलून आणलं. मग स्वतः दारात आडवी. अंधाराच्या आत सगळी घरात!

मला भरून आलं. माझ्या नऊ वाजताच्या फाटकावर कुरकुर करणाऱ्या बेचाळीसजणींना हे दाखवायला हवं. छोट्या बाईंनाही तसंच वाटत असावं, कारण त्या काचेला नाक लावून बघत होत्या. मग म्हणाल्या, बाई, पण ही तर दहा दिवसांची पिल्लं आहेत. आपल्या मुली तीस वर्षांच्या आहेत. मी म्हटलं, म्हणूनच. मग त्या म्हणाल्या, बाई, माझं ते बोलायचं राहिलंय. मी म्हटलं, हे बघून झाल्यावर. बघून झालं तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

शनिवार, १५ फेब्रुवारी.

नोटीस बोर्डावर लावलं: ‘निसर्गातही घरी परतण्याची वेळ ठरलेली असते. इच्छुकांनी सायंकाळी सहा वाजता ऑफिसात येऊन पाहावे. हुकमावरून.’

सहा वाजता इच्छुक शून्य. सगळ्या जेवणघरात साहेबाभोवती. त्याला पावाचे कण घालत होत्या. मी आत गेले तशी एकदम शांतता. हा आदर विकत मिळत नाही.

नोटिशीखाली पेन्सिलीने कुणीतरी लिहिलं आहे: ‘मग आम्हालाही तोंडात धरून आणणार का?’ अक्षर डाव्या हाताने बिघडवलेलं. पण वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देणारी या इमारतीत एकच, चौदा नंबर.

सोमवार, १७ फेब्रुवारी.

पाठ धरली. टाकी माझ्या गुडघ्याएवढ्या स्टुलावर, आणि मी रोज तासभर वाकून. सकाळी वाकले ती सरळ झालेच नाही. छोट्या बाईंनी आणि स्वयंपाकिणीने दोन्ही बाजूंनी धरून खोलीत नेलं. स्वयंपाकीण म्हणाली, मोठ्या बाई, बरं झालं, निदान आता नजर खाली आली. तिचा एक दिवसाचा चहा बंद करावा असं मनात होतं, पण माझा चहा तीच आणते.

आठवडाभर सक्त आराम. राउंड छोट्या बाई घेतील, माझ्या खुर्चीवर बसून मुलींचे अर्जही तूर्त त्याच बघतील. त्यांना म्हटलं, घाबरू नका, अडलं की मला विचारा. नुसत्या मान हलवून गेल्या. पोरीला जबाबदारीचं ओझं झेपेल का, ही चिंता.

मंगळवार, १८ फेब्रुवारी.

अडलं म्हणून विचारायला कुणी आलं नाही.

जेवणघरातून हसण्याचे आवाज. घंटा एकदाच वाजली. पुढची दोनदा मला ऐकू आली नसेल.

बुधवार, १९ फेब्रुवारी. दुपारी तीन.

छोट्या बाई ट्रे घेऊन आल्या. मंडळाकडे जायचे कागद. आमच्याकडे रीत पक्की आहे: वसतिगृहातून कुणाचाही, मुलीचा असो की झाडूवाल्याचा, कागद मंडळाकडे जायचा तर तो माझ्या ट्रेमधून, माझ्या शिक्क्याने आणि सहीने. थेट कुणी लिहायचं नाही. ही रीत मीच घातली. आणि वाचल्याशिवाय सही नाही, हे छोट्या बाईंना पहिल्या दिवशी शिकवलं.

पण आज नेमकी पाठीत कळ, आणि त्याच वेळी ठसकीने पिल्लं घेऊन काचेशी फेरी काढलेली. टाकी खोलीत आणवली आहे, पलंगावरून दिसते. चौदा कागद होते. पंख्याची दुरुस्ती, गाद्या, कुणाची रजा, असलंच. छोट्या बाई म्हणाल्या, बाई, यातला एक माझा आहे, तेवढा नीट वाचा. मी म्हटलं, रजा ना? ठेवा. त्या म्हणाल्या, वाचून मगच काय ते. आणि लगबगीने बाहेर गेल्या. अर्ध्या दिवसाच्या रजेसाठी एवढा संकोच! साधा स्वभाव.

चौदाही कागदांवर ‘शिफारस करून पुढे पाठवले’ शिक्का मारला, सह्या केल्या. चार मिनिटं लागली. तेवढ्या वेळात ठसकीवरून नजरही हलवावी लागली नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी.

छोट्या बाई सकाळीच आल्या. डोळे भरलेले. म्हणाल्या, बाई, मी रात्रभर घाबरले होते. तुम्ही एवढं मोठं मन दाखवाल असं वाटलं नव्हतं. माझा हात हातात घेतला. मी म्हटलं, अहो, तुमचा हक्कच आहे तो, आधीच मागायचं होतं. त्यावर त्या रडायलाच लागल्या.

अर्ध्या दिवसाची रजा! माणसं किती थोडक्यात सुखावतात. निश्चय: यापुढे रजा देताना हात आखडता घ्यायचा नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी.

उठून बसले. साधीची प्रकृती चांगलीच सुधारली आहे. स्वतंत्र खोलीचा परिणाम. अंगाने भरली, कोपरा सोडला, मध्यभागी पोहते. पाठीवरचे पंख लांब दिसतात. शेपटीला थोडी लाली आली आहे. साहेबाच्या दडपणाखाली बिचारी वाढूच शकली नव्हती.

छोट्या बाईंमध्येही फरक आहे. नवा चष्मा घेतला. जेवणघरात उभ्या राहून मुलींशी मोठ्याने बोलत होत्या, खोलीपर्यंत आवाज आला. माझ्या आठ दिवसांच्या आजारपणाने त्यांचं कल्याण केलं म्हणायचं.

आणखी एक. चौदा नंबर एक लांब कागद घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होती. मी खिडकीतून पाहिलं. प्रत्येकजण सही करत होती. मला पाहताच कागद पाठीमागे लपवला. म्हणजे माझ्यासाठीच असणार! पाच मार्चच्या तोंडावर सह्यांचा कागद म्हणजे एक्स्टेन्शनला पाठिंबा. हातच्या काकणाला आरसा कशाला? पेन्सिलीवाल्या वाक्याबद्दल तिला माफ केलं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी. सायंकाळी.

आज सगळं कोसळलं.

साधीची शेपटी लालभडक झाली, पाठीवर तुरे उभे. मला वाटलं, आता हिला काही झालं. टाकी ऑफिसात परत नेववली आणि रंगीत मासे विकणाऱ्या दुकानदाराला बोलावलं. तो आला, वाकला, आणि शीळ घातली. माझ्या ऑफिसात शीळ.

म्हणाला, बाई, ही मादी नाही. हा नर आहे.

मी म्हटलं, पाहून बोला.

म्हणाला, पाहूनच बोलतोय. या जातीत असं असतं. मोठा दांडगा नर समोर असला की धाकटा नर मादीचा वेष करतो. रंग तसाच फिका, पंख आखूड, वागणं गरीब. मोठ्याला वाटतं, आपल्या बायकांतलीच एक. आणि त्याचं लक्ष नसलं की हा अंड्यांपाशी जाऊन आपलं काम उरकतो. मोठा नजरेआड झाला की वेष टाकतो. तुम्ही मोठ्याला हलवलंत ना? मग झालं. पिल्लं याचीच.

मी विचारलं, आणि पिवळी पडली ती? म्हणाला, पिल्लं सांभाळताना माद्या पिवळ्या होतातच. आणि बापाला हाकलतातच. तुमच्या बरणीतल्याचा यात काही संबंध नाही, तो बिचारा निर्दोष आहे.

म्हणजे ज्याला पुरुष म्हणून काचेपलीकडे ठेवलं तो निरपराध. आणि जिला गरीब म्हणून माझ्या हाताने स्वतंत्र खोली दिली, ती... तो! एवढे दिवस महिला विभागात राहिला. माझ्या देखरेखीखाली. मी त्याला रूममेटच्या भांडणातून सोडवलं!

इतका विश्वासघात या वास्तूत आजवर झाला नाही. उघड दांडगाई करणारा परवडला. मान खाली घालणाऱ्यांची खरी भीती. हे छोट्या बाईंना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, बाई, मान खाली घालणाऱ्याला कधी विचारलं होतं का, तू कोण आहेस? मी म्हटलं, माशाला काय विचारायचं!

रविवार, २ मार्च.

मन माशांतून काढलं. निदान माणसं आपली आहेत.

मुलींचा गुप्त कार्यक्रम दिसतो. स्वयंपाकीण मला बघून पदराआड हसते. मीटिंगमध्ये सह्यांचा कागद निघेल तेव्हा आश्चर्य वाटल्याचं दाखवावं लागेल. आरशासमोर तीनदा करून पाहिलं. भुवया जास्त वर गेल्या तर खोटं वाटतं. दोन शब्दही तयार ठेवले: ‘मी काही विशेष केलं नाही. हे होईल याची कल्पनाही नव्हती. तुमच्या सर्वांची ऋणी आहे.’ थोडक्यात, पण वजनदार.

भावाचा फोन. म्हणाला, ताई, खोली रंगवून ठेवू का? मी म्हटलं, रंग वाया जाईल.

बुधवार, ५ मार्च. दुपारी दोन.

क्रमाने लिहिते.

अध्यक्षीणबाई आल्या. आधी टाकी पाहिली. पिल्लं बघून टाळ्या वाजवल्या. साधीकडे बघून म्हणाल्या, अगंबाई, हा नर होता होय! मला शंका होतीच. शंका होती तर लिहून द्यायची होती. मी हे म्हटलं नाही.

मग मीटिंग. जेवणघरातली टेबलं जोडून. मंडळाचे पाचजण, मी, आणि छोट्या बाई; त्या कशाला, ते मला कळेना. दाराबाहेर मुलींची गर्दी.

सचिवांनी कागद काढला. मी भुवया तयार ठेवल्या.

कागद होता अधीक्षक पदासाठी छोट्या बाईंचा अर्ज. सोबत मुलींचं निवेदन, चौदा नंबरने दारातच सचिवांच्या हातात दिलेलं: फाटकाची वेळ दहा व्हावी आणि छोट्या बाई अधीक्षक व्हाव्यात. एक्केचाळीस सह्या.

अर्जाचा मसुदा निर्दोष होता. समास सोडलेला, विषय एका ओळीत, मुद्द्यांना आकडे. अकरा वर्षं मी शिकवलेला मसुदा. साप पोसला, असं मनात आलं. उठून बोलणार, तेवढ्यात सचिवांनी कागद उलटा केला आणि सगळ्यांना दाखवला. ‘शिफारस करून पुढे पाठवले.’ खाली माझी सही. तारीख एकोणीस फेब्रुवारी.

अध्यक्षीणबाईंनी कागद दोन्ही हातांत घेतला. म्हणाल्या, आपल्या एक्स्टेन्शनचा हक्क असताना आपली खुर्ची स्वतःच्या हाताने सहायिकेला द्यायची, याला काळीज लागतं. खजिनदार म्हणाले, अशी माणसं आता होत नाहीत. आभाराचा ठराव एकमताने पास.

मी एक वाक्य बोलले असते तर सगळं थांबलं असतं. सही मी न वाचता केली. बस. एवढंच. माझ्या दोन खोल्या त्या वाक्यात होत्या.

छोट्या बाई माझ्याकडे बघत होत्या. डोळ्यांत तेच पाणी. वीस तारखेच्या सकाळचं.

नाही बोलता आलं. एकोणीस वर्षं एकही कागद न वाचता सोडला नाही अशी माझी ख्याती आहे. खोल्या की ख्याती, असं होतं. मी उभी राहिले आणि म्हटलं, मी काही विशेष केलं नाही. हे होईल याची कल्पनाही नव्हती. तुमच्या सर्वांची ऋणी आहे. भुवया आपोआप वर गेल्या.

दाराबाहेर टाळ्या. चौदा नंबर चक्क रडत होती.

सायंकाळी सात.

एक गोष्ट विसरले. बेचाळीसपैकी एक्केचाळीस सह्या. म्हणजे एकीने केली नाही. एकजण तरी माझी होती. रजिस्टर काढून पडताळलं. सतरा नंबर. तिच्या खोलीवर गेले, पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, बाई, मी नव्हते हो त्या आठवड्यात, भावाच्या घरी गेले होते. आता केली तर चालेल का?

शुक्रवार, ७ मार्च.

भावजयीचा फोन. म्हणाली, वन्सं, या तुम्ही, खोली तयार आहे. फक्त आमच्याकडे रात्री साडेआठला दार लागतं. ह्यांना झोप लागते लवकर. त्यानंतर आलात तर बेल वाजवावी लागेल, आणि बेल वाजली की ह्यांची झोपमोड. तेव्हा सांभाळा.

मी म्हटलं, बरं.

साहेबाला बरणीतून काढून ठसकीच्या भागात सोडणार होते, झाल्या अन्यायाची भरपाई म्हणून. तो आत गेला, ठसकीने त्याला चार मिनिटांत नळीमागे हाणला. परत बरणीत घातला. बरणीत तो बराच सुखी दिसला.

सोमवार, १० मार्च.

छोट्या बाई खोलीवर आल्या. बसा म्हटलं तरी उभ्याच. म्हणाल्या, बाई, खरं सांगा. तुम्ही वाचला होता ना माझा अर्ज?

काय सांगणार होते? वाचला नाही म्हटलं तर त्यांचा आनंद जातो आणि माझी ख्याती जाते. वाचला म्हटलं तर मी जाते, तशी मी गेलेच होते. म्हटलं, शब्दन्‌शब्द.

म्हणाल्या, मग मला तेव्हाच का नाही ओरडलात? मी दोनदा सांगायला आले, तुम्ही ऐकलंच नाही. मला वाटलं तुम्हाला नकोय. म्हणून शेवटी रीतसर, तुमच्याच ट्रेमधून. तुमच्या पाठीमागे नको होतं मला काही.

विश्वासघात म्हणावा तर तो माझ्या नाकासमोर, माझ्या शिक्क्याने, माझ्या रीतीने झालेला. राग कुणावर धरावा, याचा रकानाच सापडेना. तरी धरला. सवय लागलेली असते.

म्हटलं, दुसऱ्या पानावर समास थोडा कमी सुटला आहे. त्या म्हणाल्या, दुसरं पानच नव्हतं, बाई.

शनिवार, १५ मार्च. दुपारी.

आज चार्ज दिला. सामान टेम्पोत चढवून झालं: एक पलंग, दोन पेट्या, एक टेबल लँप. एकोणीस वर्षांचं एवढंच निघालं. स्वयंपाकिणीने जेवणाचा डबा भरून दिला. म्हणाली, मोठ्या बाई, तिकडे कुणाला दमात घेऊ नका, पहिल्या आठवड्यात तरी.

छोट्या बाईंकडे सुपूर्द केलेल्या वस्तू खालीलप्रमाणे:

चाव्या, तेवीस. त्यांतल्या दोन कशाच्या ते मलाही माहीत नाही, हे तोंडी सांगितलं.

रजिस्टरं, नऊ. आजपर्यंत पूर्ण.

शिक्के, तीन. शाईचं पॅड कोरडं आहे.

खुर्ची, एक. डावा हात हलतो.

टाकी, अध्यक्षीणबाईंच्या मालकीची, त्यांच्या सांगण्यावरून इथेच ठेवण्याची. त्यात मादी एक, नर एक. बरणीत नर एक. मधली काच काढायची की ठेवायची, हा निर्णय नव्या अधीक्षकांचा.

माशांचं खाणं, अर्धा डबा. दिवसातून दोनदा, चिमूटभर. जास्त घातलं तर पाणी बिघडतं.

पिल्लं. मोजायला बसले होते, चाळीसपर्यंत आले, मग ती हलली. छोट्या बाईंना म्हटलं, आकडा लिहिता येत नाही, तुम्ही स्वतः मोजून घ्या, मगच सही करा. त्या म्हणाल्या, राहू द्या बाई, तुमच्या शब्दावर घेते. आणि घेतली.

वेळ चार वाजून दहा मिनिटं. दोघींच्या सह्या.